कुंदाचा घसा बसला नव्हता

कुंदा, तुझ्या शोकसभेत यशवंत फार छान रडला.

कुठे थांबायचं, कुठे श्वास ओढून घ्यायचा, रुमाल कधी काढायचा, सगळं कसं नेमकं. तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे त्यानं एकदा पाहिलं आणि सभेकडे पाठ करून उभा राहिला. नुसते खांदे हलत होते. माझ्या शेजारच्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. मग तो वळला आणि म्हणाला, "कुंदा माझ्यामागे उभी राहिली, म्हणून मी तुम्हाला पुढे दिसलो. स्वतःहून मागे राहिली ती."

स्वतःहून! मी पर्सचा बंद इतका घट्ट धरला की त्याची शिवण उसवली.

आजवर मी त्याला भावजी म्हणत आले. मैत्रिणीचा नवरा, वयानं मोठा. इथे म्हणणार नाही. तू जिवंत असताना तुझ्या भिडेखातर जे जे गिळलं, ते आता गिळायचं कुणासाठी? तू गेलीस, ती भीडही गेली. हे त्यानं वाचलं तर वाचू दे. वाचावं म्हणूनच लिहितेय.

तुला आठवतं, मी तुमच्या नाट्यमंडळात आले कशी? मी शाळेत गणित शिकवायचे. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. वर्गातली पोरं सोडून कुणासमोर उभी राहिले नव्हते. नवरा बोटीवर, वर्षातून कधीतरी घरी. आणि मग एकदा तो घरी आलाच नाही, कंपनीचा माणूस आला. त्या दिवसांत सगळी रत्नागिरी माझ्याकडे येऊन 'धीर धर' म्हणून गेली. तू पेजेचा टोप घेऊन आलीस, मला वाटीभर पेज खायला घातलीस आणि पिशवीतून नाटकाचं पुस्तक काढलंस. म्हणालीस, "अगो शैले, आमची दासी बाळंतपणाला गेलीय. ही दोन पानं वाच बघू मोठ्यानं."

मी म्हटलं, "कुंदा, तुला वेळकाळ काही आहे का?"

"नाही. वाच."

मी वाचलं. पहिल्यांदा रडत वाचलं, मग नुसतं वाचलं. त्या संध्याकाळी मला कळलं की दुसऱ्या बाईचे शब्द तोंडात असले की आपलं दुःख जरा सरकून बसतं. हे तू मला दिलंस. याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण तू मानू दिले नसतेस. 'पुरे गो' म्हणून विषय बदलला असतास.

ते नाटक तुला काय सांगायचं? पण हा लेख इतरही वाचतील, म्हणून सांगते. जुनं नाटक आहे, आपल्या आजोबांच्या पिढीपासून कोकणात होत आलेलं. एक शूर, सरळ मनाचा किल्लेदार. त्याचं बायकोवर जिवापाड प्रेम. किल्ल्याला वेढा पडायच्या बेतात असताना ही बाई रोज दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, खाली वाडीत जाते, तिथल्या उपाशी पोरांना जेवू घालते. शिपाई तिचं नाव आदरानं घेऊ लागतात. किल्लेदाराच्या मनात काहीतरी कुरतडायला लागतं. त्याचे कान कुणी भरत नाही, कुणी कारस्थान करत नाही. तोच स्वतःचे कान भरतो. एका जखमी नाईकाच्या दंडाला बायकोची शाल बांधलेली दिसते, तेवढं निमित्त पुरतं. शेवटच्या अंकात ती वाडीतल्या लेकरांना घेऊन परत येते, शत्रू पाठीवर आलेला असतो, आणि हा दिंडी आतून बंद करतो. चावी फिरवतो आणि उभा राहतो. ती बाहेरून हाका मारते. ती रंगमंचावर नसतेच, फक्त विंगेतून आवाज येतो. आवाज थांबतो. पहाटे हा दार उघडतो, बाहेर कुणी नसतं. तसाच एकटा, तलवार न घेता, तो शत्रूच्या दिशेनं चालत जातो. पडदा.

किल्लेदार यशवंत. दिंडीबाहेरचा आवाज तुझा. दिग्दर्शकही यशवंतच.

या नाटकावरून आपण किती भांडलो! पावसला तुमच्या कलमांच्या बागेत आंबे पिकायला गवतात लावताना, बाजारात भाजी घेताना, माझ्या ओटीवर बसून. एकच वाद, हा माणूस बदलतो केव्हा? मी म्हणायचे, चावी फिरवतो तेव्हा. तोवर मनात काय येतं त्याचा हिशेब कशाला? मनात तर माझ्या मुख्याध्यापकांना धक्क्यावरून समुद्रात ढकलावं असंही येतं. ढकलत नाही ना मी?

तू मान हलवायचीस. "नाही गो. तो पहिल्याच अंकात बदलतो. शिपाई तिचं कौतुक करतात आणि तो हसतो, तिथे. तो हसतो ना, त्याच्या आधी जरासा थांबतो. तिथे सगळं घडून गेलेलं असतं."

"पण तिथे तर त्याला संशयही आलेला नाही."

"संशय नंतरचा. अगो, ती वाईट चालीची आहे असं त्याला कधीच वाटत नाही. ती मोठी झालीय आणि आपण तिच्याशेजारी लहान दिसतोय, एवढंच त्याला खुपतं. पण हे स्वतःशी कबूल कसं करणार? लाज वाटते. मग तो संशय शोधून काढतो. संशय आला की आपल्यावर अन्याय झाला असं म्हणता येतं. मग काही केलं तरी बरोबरच."

तू पुस्तक उघडून दाखवायचीस. पहिल्या अंकात तो तिला नावानं हाक मारतो. दुसऱ्या अंकात ती समोर उभी असताना दुसऱ्याला विचारतो, 'कुठे होत्या या?' तिसऱ्यात तिला 'बाईसाहेब' म्हणतो, दात दाखवून. चौथ्यात बोलतच नाही. "बघ," तू म्हणायचीस, "हात उगारायच्या कितीतरी आधी त्याची भाषा बदलते. बायकांना ते ऐकू येतं. पण काय ऐकू आलं ते सांगता येत नाही."

मी तेव्हा म्हणायचे, तू फार खोल जातेस, नाटक आहे ते. तू कुठून बोलत होतीस ते मला नंतर कळलं.

मंडणगडचा प्रयोग. शाळेच्या पटांगणात, भर दुपारी, कनाती लावून. माणसं डोंगरावरच्या वाड्यांतून चालत आली होती. तू शेवटची वाक्यं घेतलीस. 'किल्लेदार, दार उघडा. मी माझ्यासाठी मागत नाही. माझ्या पदराखाली लेकरं आहेत. त्यांची नावं तरी विचारा, मग नाही म्हणा.' मग दार म्हणून विंगेत ठेवलेल्या फळीवर थापा. मग एवढा वेळ शांतता, की मी विंगेत तुझ्या शेजारी उभी असून मला वाटलं तू वाक्य विसरलीस. आणि मग तू किल्लेदार वगैरे सगळं सोडून, घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशी म्हणालीस, 'अहो... मी आहे.'

पटांगणात कुणीतरी हुंदका दिला. मग सगळीकडूनच यायला लागले.

प्रयोग संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत मागे आली. यशवंत दाढीमिशा लावलेल्या, किल्लेदाराच्या वेषात पुढेच उभा होता. नमस्कार घ्यायला त्यानं हात जोडले. ती त्याच्या बाजूनं निघून गेली, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती दाराभायेरची बाय खंय हाय?" म्हणत तिनं तुला शोधून काढलं आणि तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बाय माझे, हायस ना गो तू? हायस ना?"

तू हसत रडत होतीस. यशवंतचे हात अजून जोडलेलेच होते. जरासा थांबला. मग मोठ्यानं हसला. "म्हणजे मी नुसता खांबच झालो म्हणायचं!" सगळे हसले. मीही हसले. तू हसली नाहीस. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू त्याच्याकडे बघत होतीस, आणि तुझा चेहरा पुस्तकातली एखादी ओळ दाखवतानाचा होता.

पुढच्या तालमीत तो म्हणाला, "कुंदा, आवाज जरा उतर. विंगेतून एवढा आवाज आला तर माझ्यावरचं लक्ष उडतं." तू उतरवलास. तरी माणसं रडायची. उलट जास्तच, कारण आता कान देऊन ऐकावं लागायचं. मग तो म्हणाला, प्रवेश लांबतोय. लेकरांची वाक्यं गेली. तेव्हा तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग एका तालमीत, सगळ्यांसमोर, "या मोठ्या नटी आल्या, यांना खुर्ची द्या," असं म्हणाला, दात दाखवून. घरी तुला कुंदे म्हणणारा माणूस. शेवटी उरलं होतं ते 'अहो, मी आहे'. तेही एक दिवस गेलं. म्हणाला, शब्दांपेक्षा नुसत्या थापा जास्त परिणामकारक वाटतील. कलेच्या भाषेत बोलला. तसं बोललं की कुणाला भांडता येत नाही.

मी भांडले. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "भावजी, हा नाटकाचा प्राण आहे. तुम्ही तो काढताय." तो म्हणाला, "शैलाताई, गणितात मी लक्ष घालतो का तुमच्या?" पुन्हा सगळे हसले. त्या माणसाला हसवता फार छान यायचं.

आणि मग घसा. मासळी बाजारात सौंदाळे घेत होते, तर पाठीमागून कुणीतरी विचारलं, "कुंदाताईंचा घसा कसा आहे हो? डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हटलंय ना? यशवंतराव सांगत होते, फार हळहळत होते." मी मासे तसेच टाकून तुझ्या घरी आले. तू फणस चिरत होतीस, हाताला तेल लावून. मी दारातूनच ओरडले, "तुझा घसा बसलाय असं सांगत फिरतोय तो!"

तू गरा काढून माझ्यापुढे धरलास. "मग बरा आहे म्हणावं."

"कुंदा!"

"काय करू? दारोदार जाऊन गाऊन दाखवू?" मग सुरी खाली ठेवलीस. "शैले, आता मंडळातून मी निघाले. तू निघू नकोस. थापा मारायला फळीवर कुणी लागेल. ते आपलं माणूस असू दे."

म्हणून मी राहिले. पहिल्या तीन अंकांत दासी, चौथ्यात फळी. तुझ्या आवाजाच्या जागी वर्षानुवर्षं मी लाकडावर हात आपटले. त्या माणसाला बक्षिसं मिळाली, शाली मिळाल्या, नारळ मिळाले. तू सगळ्या प्रयोगांना यायचीस. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. विंगेच्या फटीतून मला तू दिसायचीस. मी थापा मारायचे आणि तुझे ओठ हलायचे. एक शब्दही तू गाळला नाहीस कधी. एवढ्यासाठी मी त्याला क्षमा करणार नाही. शाली मिरवल्या, खोटं बोलला, ते सगळं एक वेळ सोडून देईन. त्या हलणाऱ्या ओठांचं नाही सोडणार.

एकदा पावसच्या बागेत मी तुला खोदून खोदून विचारलं. तू म्हणालीस, "त्याला टाळ्यांची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे गो."

"म्हणजे तू दिल्यास त्या?"

"दिल्या नाहीत. त्यानं घेतल्या." गवतावरचा एक आंबा हुंगून तू बाजूला ठेवलास. "पण परत मागायला मी गेले नाही. मागितल्या असत्या तर त्यानं दिल्या असत्या, आणि मग आयुष्यभर दिल्या दिल्या म्हणून ऐकवलं असतं."

"तुला राग येत नाही?"

"येतो ना. रोज येतो. भात लावते, राग येतो, भात उतरवते." मग म्हणालीस, "पण शेवटी तो एकटा चालत जातो ना गो किल्ल्याबाहेर, तेव्हा मला त्याची दया येते."

"किल्लेदाराची?"

तू पुढचा आंबा हुंगायला घेतलास. तो वाद तिथेच राहिला. मला तेव्हा सांगायचं होतं की शेवटी तलवार टाकून चालत जाणं फार सोपं असतं. तो बाहेर जातो, मरतो, त्याला वीरमरण येतं, लोक त्याच्यासाठी रडतात. म्हणजे तिच्या मरणाचे अश्रूसुद्धा तोच घेऊन जातो. हे माझं म्हणणं मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. एखाद्या निवांत दुपारी सांगणार होते. तू सकाळी चहाचं आधण ठेवलंस आणि ओट्याला टेकून खाली बसलीस. संपलं.

शोकसभेच्या शेवटी मंडळाचा आताचा कार्यवाह, प्रसाद, उठला. मुलगा चांगला आहे, त्याला मागचं काही माहीत नाही. म्हणाला, कुंदाताईंना श्रद्धांजली म्हणून पुढच्या रविवारी संध्याकाळी त्या नाटकाचा शेवटचा अंक सादर करू. किल्लेदाराच्या भूमिकेत स्वतः यशवंतराव. "थापांना शैलाताई आहेतच."

आहेच ना. मी मान डोलावली.

नाट्यगृह भरलं होतं. तुझा फोटो रंगमंचाच्या एका बाजूला, समईजवळ. त्यानं सुरुवात केली. खरं सांगते, चांगलं करत होता. वय झालंय, गुडघे धरतात, पण चावी फिरवताना अजून अंगावर काटा येतो. चावी फिरवून तो दारापाशी उभा राहिला. थापांची वेळ आली.

मी फळीला हात लावला नाही. मी म्हटलं, "किल्लेदार, दार उघडा."

त्याची मान झटकन वळली.

"मी माझ्यासाठी मागत नाही. माझ्या पदराखाली लेकरं आहेत. त्यांची नावं तरी विचारा, मग नाही म्हणा."

माझा आवाज तुझ्यासारखा नाही, कुंदा. जाड आहे, वर्गात ओरडून ओरडून फाटलाय. पण शब्द तेच होते. प्रसाद विंगेच्या पलीकडून हातवारे करून विचारत होता, हे काय? मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी यशवंतकडे पाहत होते. दिव्यांच्या उजेडात त्याचा रंग उतरताना मला दिसला. रंगभूषेच्या खालून उतरला. मग मी शेवटचं म्हटलं. "अहो, मी आहे."

नाटकात तो इथे पाठमोरा होऊन कान झाकतो. यशवंत दारापाशी गेला. कडीकडे हात नेला. हात मध्येच थांबला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग तो तिथेच खाली बसला.

आणि सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. लोक ओरडत होते, 'वा! वा यशवंतराव!' मी विंगेत फळी धरून उभी होते आणि मला कळेना काय झालं. मी त्याला उघडं पाडायला गेले होते. मी त्याला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी टाळी मिळवून दिली होती.

तो उठला. प्रसादनं माईक दिला. धाप लागलेली, डोळे भरलेले. तेव्हा जर तो काही न बोलता आत गेला असता, तर मीही कदाचित घरी गेले असते. पण टाळ्या अजून चालू होत्या, आणि त्या माणसाला टाळ्यांपुढे गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "आज माझ्याकडून कुंदाच्या आत्म्यानं हे करवून घेतलं."

मी बाहेर आले. साधी सुती साडी, पायात चपला. लोकांना वाटलं, हिचाही सत्कार आहे. मी माईक मागितला नाही. माझा आवाज जातो मागच्या भिंतीपर्यंत, तू बसवलेला आहे तो.

"कुंदाचा आत्मा वगैरे काही नव्हता," मी म्हटलं. "ती वाक्यं मी म्हटली. नाटकाच्या पुस्तकात ती आहेत. कुंदा ती म्हणायची, तेव्हा माणसं रडायची. म्हणून ती तिच्याकडून काढून घेतली गेली, आणि गावाला सांगितलं गेलं की तिचा घसा बसलाय." टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. मी त्याच्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. "यशवंत, तिचा घसा बसला होता का?"

"शैला, आत्ता इथे..."

"हो की नाही?"

त्यानं लोकांकडे पाहिलं. काहीतरी हसण्याजोगं शोधत असावा. सापडलं नाही. माईक अजून त्याच्या तोंडाजवळ होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. "नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. पडदेवाला पडदा टाकायचा विसरला, त्यामुळे तो तसाच उभा राहिला, लोक उठून जाईपर्यंत. एवढी माणसं एकही शब्द न बोलता बाहेर पडताना मी कधी पाहिली नव्हती. चपलांचे आवाज तेवढे.

आत रंगपटात तो माझ्याकडे आला. दाढी अर्धी निघालेली, गालावर डिंक. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, "शेवटचं वाक्य तू घाईनं घेतलंस. ती आधी थांबायची."

"आठवतंय तुम्हाला?"

"रोज."

मी म्हटलं, "मग रोज आठवा." आणि पर्स उचलून निघाले.

आता गावात दोन तट आहेत. काही म्हणतात, शैलानं मेलेल्या मैत्रिणीची अब्रू चव्हाट्यावर आणली. काही जणी मुद्दाम घरी येतात, काहीतरी देतात, कोकम, कुळीथ, आणि न बोलता बसतात. त्यांचं काय गेलंय, कुणी नेलंय, ते मी विचारत नाही. मंडळातून मला अजून कुणी काढलेलं नाही. यशवंत बाहेर पडत नाही म्हणतात. मला समाधान झालं का? झालं, कुंदा. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. रात्री झोप लागली, सकाळी चहा गोड लागला. आणि तो पिता पिता तुला सांगायला फोन उचलला, तेव्हा हात तसाच राहिला. त्याला काय काय भोगावं लागलं हे जिला सांगायचं, तीच नाही. सूड घेऊन हातात एवढंच उरलं, आणि तरीही मी तो पुन्हा घेईन.

तू मात्र माझ्याशी बोलली नसतीस, हे मला माहीत आहे. 'लोकांसमोर कशाला गो?' एवढंच म्हणाली असतीस. त्यानं तुला लोकांसमोरच पुसून टाकलं होतं, म्हणून.

परवा पुण्याहून मीनलचा फोन आला. तुझी लेक. मी मनाची तयारी करून उचलला, बापाची बाजू घेणार म्हणून. ती म्हणाली, "मावशी, आई खरंच एवढं चांगलं करायची?"

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"बाबा म्हणायचे, आईला नाटकाची फारशी आवड नव्हती. घरात बरं वाटायचं तिला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग सांगायला बसले. पेजेचा टोप सांगितला, मंडणगडची म्हातारी सांगितली, आवाज उतरवला ते, एकेक वाक्य गेलं ते, फणस सांगितला. शेवटच्या रांगेतले ओठ सांगितले, तेव्हा तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काही राखून ठेवलं नाही, काही वाढवलंही नाही. वाढवायची गरज नव्हती.

मग ती म्हणाली, "मावशी, बाबा एकटे आहेत तिकडे. जेवत नाहीत म्हणे. मी त्यांना इकडे घेऊन येणार आहे."

"आण," मी म्हटलं. "तुझा बाप आहे."

"मी त्यांना माफ करीन बहुतेक. आज नाही, पण करीन. रोज समोर असल्यावर होऊन जातं ना ते."

"होतं."

"तू?"

"माझा तो कोण लागतो?"

तिच्या खिडकीखालून गाड्या जात होत्या, त्या मला ऐकू येत होत्या. मग तुझी लेक, तुझ्याच पट्टीत, सावकाश म्हणाली, "मग तू नकोच करूस, मावशी. माफ न करणारं कुणीतरी एक असायला हवं."

मी तिला शब्द दिलाय, कुंदा.